शटडाऊनचं पाणी आणि सोनावणे सिस्टर

१. काही वर्षांपूर्वी, पाणीपुरवठ्याच्या नेहमीच्या शुक्रवारच्या शटडाऊननंतर, उल्हासनगरच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयातल्या पुरुष शस्त्रक्रिया विभागात तीन रुग्णांना ताप आला आणि छातीत कफ झाला. तिघांनाही ऑक्सिजन लावलेला होता.

२. तिघांच्या कफाच्या तपासणीत एकच जंतू सापडला. ऑक्सिजनला ओलावा देण्यासाठी जी बाटली लावतात, तिच्यातल्या पाण्यातही तोच जंतू सापडला.

३. ते पाणी शटडाऊनसाठी भरून ठेवलेल्या पिंपातलं होतं. बाटलीत निर्जंतुक पाणीच घालायचं, असा नियम होता.

४. बाटल्या भरणाऱ्या मावशींना कामावरून काढायचं व्यवस्थापनाने ठरवलं. त्या कागदावर सही करायला मेट्रन श्रीमती रजनी सोनावणे यांनी नकार दिला आणि चौकशी अहवालात ‘जबाबदार व्यक्ती’ या शब्दांपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

५. मावशी कामावर राहिल्या. सोनावणे सिस्टरांना लेखी ठपका मिळाला.

६. तो ठपका अजून कायम आहे. या महिन्याच्या अखेरीस सिस्टर साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत.

सिस्टरांच्या या गौरव अंकाच्या संपादकांनी लेखाची सुरुवात पहिल्या परिचयापासून करावी, असं सुचवलं होतं. मी तशीच केली आहे. त्याआधी सिस्टरांशी माझी ओळख व्हरांड्यात नमस्कार करण्यापुरतीच होती. त्या कोण आहेत, हे मला या प्रकरणात कळलं.

मी अंबरनाथची. शिक्षण उत्पादन अभियांत्रिकीचं. रुग्णालयात येण्याआधी पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करत होते. तिथे एखादा भाग सदोष निघाला की ‘का’ विचारायचं, उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही ‘का’ विचारायचं आणि मूळ कारण हाती येईपर्यंत थांबायचं नाही, अशी पद्धत. रुग्णालयाने गुणवत्ता अधिकारी हे नवं पद काढलं, तेव्हा मी इथे आले आणि तीच पद्धत सोबत आणली. पंपाच्या भागाला भीती वाटत नाही, माणसाला वाटते, हा फरक सिस्टरांनी मला दाखवला.

बाटल्या भरणाऱ्या त्या भोईर मावशी, बदलापूरच्या मांजर्लीच्या. चौकशीच्या खोलीत त्या माझ्यासमोर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी विचारलं, पिंपातलं पाणी का घातलं? त्या म्हणाल्या, चुकलं. निर्जंतुक पाणी का घेतलं नाही? चुकलं. माझ्या प्रत्येक ‘का’ला त्यांच्याकडे एवढं एकच उत्तर होतं, कारण त्यांच्या कानांना प्रत्येक ‘का’ म्हणजे आरोप होता. सिस्टर दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत आल्या, मावशींना चहा मागवला आणि तो पिऊन होईपर्यंत त्यांच्या नातवाच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “मावशी, चौकशी राहू दे. चला, मला एक बाटली भरून दाखवा.”

आम्ही तिघी विभागात गेलो. मावशींनी पिंपाचं झाकण काढलं, मगाने पाणी घेतलं आणि बाटलीत तळाशी उरलेल्या पाण्यावर ते खुणेपर्यंत ओतलं. हात अगदी सवयीचा होता. सिस्टरांनी विचारलं, खालचं पाणी कधीचं? मावशी आता मोकळेपणाने बोलायला लागल्या.

“खालचा पन चांगलाच हाय. टाकून कसा द्याचा? शुकरवारी पानी येत नाय, शनवारी येतं ते बी करंगळीएवढा. घरान टाकत नाय, हितं टाकू?”

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “आमच्या हेंद्रेपाड्यात काय वेगळं आहे? माझ्या घरचं पिंप तरी कुठे रिकामं होतं.”

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको. ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा नळ बंद असतो, तो पाण्यावर पाणी भरतो. जुनं ओतून भांडं कोरडं करणं त्याच्या जिवावर येतं. ही चूक आळसातून झाली नव्हती. जपून वापरण्याच्या सवयीतून झाली होती, आणि ती सवय आम्हा सगळ्यांचीच होती.

मग सिस्टरांनी निर्जंतुक पाण्याचं विचारलं. मावशी म्हणाल्या, त्याचा कॅन गुरुवारीच संपला होता आणि स्टोअर शुक्रवारी बंद असतं. स्टोअरची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी ठेवण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. शटडाऊनच्या दिवशी धुलाई बंद, साफसफाई कमी, म्हणून सामान उचलायला कोणी येत नाही. म्हणजे ज्या दिवशी नळाला पाणी नसतं, नेमक्या त्याच दिवशी योग्य पाणीही कुलपात असायचं. माझ्या पद्धतीतलं मूळ कारण ते हेच. ते मला खुर्चीत बसून मिळालं नव्हतं, पिंपाजवळ उभं राहिल्यावर मिळालं. त्यासाठी सिस्टरांना एकदाही ‘का’ म्हणावं लागलं नाही.

दुरुस्ती साधी होती. स्टोअरची सुट्टी बदलली. पिंप विभागातून बाहेर गेलं. बाटल्या रोज रिकाम्या करून, धुऊन, उलट्या ठेवून कोरड्या करायच्या असं ठरलं. ऑक्सिजनचा प्रवाह कमी असेल तर बाटलीत पाणी घालण्याची गरजच नसते, हे आमच्या वरिष्ठ शल्यचिकित्सकांनी, ज्यांना सगळे ‘मोठे डॉक्टर’ म्हणतात, लेखी दिलं, त्यामुळे बहुतेक बाटल्यांमधून पाणी कायमचंच गेलं. तशी साथ पुन्हा त्या विभागात आली नाही.

अहवाल मात्र पूर्ण व्हायचा होता. विश्वस्त मंडळाचे सचिव, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, स्वतः मेट्रनच्या खोलीत आले. मी तिथे होते. ते रागावलेले नव्हते, काळजीत होते.

“सिस्टर, नाम तो किसी का लिखना पड़ेगा ना. मुझे भी ऊपर जवाब देना है.”

“मग माझं लिहिते.”

“आप क्यों? आपने थोड़ी भरा है.”

“दादा, पिंप माझ्या विभागात होतं. स्टोअरची सुट्टी माझ्या सहीने ठरली होती. मावशींनी फक्त भरलं. त्यांना काढलंत तर पुढच्या वेळी बाटली कशी भरतात, हे मला कोण दाखवणार?”

नंतर ठपक्याचं पत्र आलं, ते दादांच्याच सहीचं होतं. त्यात ‘देखरेखीत हलगर्जीपणा’ असे शब्द होते. सिस्टरांनी पोच दिली आणि राउंडला गेल्या. दादांबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत, आणि दादाही आजतागायत त्या समोर आल्या की आधी हात जोडतात. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते असं मला वाटतं. म्हणूनच ही गोष्ट इथे उघडपणे लिहिता येते.

त्या तीन रुग्णांपैकी दोघे लवकर घरी गेले. तिसरे गृहस्थ उल्हासनगरच्या कॅम्पातले कापडाचे व्यापारी. ते बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण जिना चढण्याइतका श्वास त्यांना पुन्हा मिळाला नाही. घरच्यांना काय सांगायचं, याची चर्चा झाली. वयोमान, मधुमेह, असे शब्द पुढे आले. सिस्टर त्यांच्या पत्नीकडे आणि मुलाकडे गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि बाटलीतल्या पाण्यामुळे हे झालं, असं सरळ सांगून माफी मागितली. मुलाचा आवाज चढला. तो जे बोलला ते त्याने बोलायलाच हवं होतं. सिस्टरांनी ते सगळं खाली न बघता ऐकून घेतलं. शेवटी त्या बाईंनी मुलाच्या दंडावर हात ठेवला आणि सिस्टरांना एवढंच विचारलं, “अब किसी और को तो नहीं होगा ना?” सिस्टर म्हणाल्या, “ते होऊ नये म्हणूनच लपवलं नाही, आधी तुम्हाला सांगितलं.”

आमची मंगळवारची बैठक त्यानंतर सुरू झाली. दुपारच्या चहाच्या वेळी, विभागातच, उभ्याने. मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे असतात. कुठल्या रुग्णाला ताप आला, कुठली जखम चिघळली, कुठली सलाईनची जागा लाल झाली, ते सांगायचं. भिंतीवरच्या आलेखावर ठिपका द्यायचा. कुठे, केव्हा, कसं, हे विचारायचं. ‘कोणी’ हा शब्द बैठकीत चालत नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून तो गेला, तर सिस्टरांनी त्यांना सगळ्यांच्या चहाचे कप गोळा करायला लावले. त्यांनीही ते गोळा केले, फक्त एवढं म्हणाले की इतका कडक सुपरवायझर असेल हे माहीत असतं तर त्यांनी डॉक्टरकीऐवजी दुकान काढलं असतं.

मोठ्या डॉक्टरांच्या बोटात पुष्कराज असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी ते तो काढत, पण विभागातल्या राउंडला काढत नसत. हात नीट स्वच्छ व्हावेत म्हणून कोपराखाली काही घालायचं नाही, असा नियम झाला तेव्हा ते म्हणाले, हा काढला तर पेशंट बिघडतील. सिस्टरांनी हात पुढे केला. “माझ्याकडे द्या. बिघडले तर जबाबदारी माझी, बरे झाले तर श्रेय पुष्कराजाचं.” तेव्हापासून राउंडच्या वेळी तो पुष्कराज मोठ्या डॉक्टरांच्याच कोटाच्या खिशात असतो.

नियम मोठ्यांनी आधी पाळला की धाकट्यांना सांगणं सोपं होतं, असा माझा समज होता. तो सगळीकडे खरा नव्हता. आमच्याकडची परिचारिका प्रियांका लग्नाची रजा संपवून कुळगावच्या सासरहून आली, ती हातात हिरवा चुडा घालूनच. काचेचा चुडा रोज काढून रोज घालता येत नाही, आणि मुदतीआधी उतरवणं घरात कुणाला रुचणार नव्हतं. एका ज्येष्ठ परिचारिकेने तिला सरळ ‘काढ’ म्हटलं आणि ती रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, चुडा कोणीही काढायला सांगत नाही, चुडा आहे तोवर रुग्णाला हात लावायचा नाही, एवढंच. मग त्यांनी तिच्यासाठी काम शोधलं. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णांना फोन करायचा आणि टाके कसे आहेत, त्यांतून पाणी येतं का, ताप आहे का, ते विचारायचं. असे फोन करावेत हे मी कित्येक दिवस सांगत होते, पण त्यासाठी माणूस मिळत नव्हता.

त्या फोनांमधून आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपण ‘बरे’ म्हणून घरी पाठवलेल्या काही जखमा घरी जाऊन चिघळतात. कारण शोधलं तेव्हा कळलं, की शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढताना कातडीला बारीक चिरा पडतात आणि त्यांतून संसर्ग होतो. आम्ही वस्तरा बंद करून केस कापायचं यंत्र आणलं. प्रियांकाचा चुडा रीतीप्रमाणे उतरला. फोन मात्र तिने सोडले नाहीत. ड्युटी कुठेही असली तरी आठवड्यातून एकदा ती ते करते.

व्यक्तिगत उपकाराबद्दल लिहिणं मला अवघड जातं, तरी एक प्रसंग लिहिते. माझ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया आमच्याच रुग्णालयात झाली. सिस्टरांनी तिला वेगळी खोली दिली नाही, कुणाला तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला सांगितलं नाही. त्यांनी फक्त तिच्याजवळ बसून सांगितलं, की तुमच्या सलाईनला हात लावायला येणाऱ्याने आधी हातांना औषध चोळलं का, ते बघायचं, आणि नसेल चोळलं तर थांबवायचं. आई आयुष्यात दुकानदाराशीही घासाघीस न केलेली बाई. ती म्हणाली, अहो ताई, डॉक्टरांना मी कसं सांगू? सिस्टर म्हणाल्या, सलाईन तुमच्या हाताला आहे, तुम्ही नाही तर कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर तीन-चार कनिष्ठ डॉक्टरांना घेऊन राउंडला आले आणि बोलता बोलता आईच्या हाताकडे वळले. आई अगदी हळू आवाजात म्हणाली, “साहेब, हात.” सगळे थांबले. मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टरांनी चादरीची सुरकुती सरळ करायला घेतली. डॉक्टरांनी मुकाट्याने हात चोळले आणि म्हणाले, “सोनावणे, आता पेशंटमध्ये पण तुमची माणसं?” आई लाजली. पण घरी आल्यावर तिने हे शेजारच्या प्रत्येक बाईला सांगितलं. त्याआधी आणि त्यानंतरही, डॉक्टरांना काही सांगितलं अशी तिची दुसरी आठवण नाही.

सिस्टरांच्या कामाचं सार मला या प्रसंगात दिसतं. जंतू डोळ्यांना दिसत नाही. तो कुठून आला, हे कुणीतरी बोलल्याशिवाय कळत नाही. आणि माणूस तेव्हाच बोलतो, जेव्हा बोलल्याने त्याचं नुकसान होणार नसतं. आलेख, तपासण्या, मान्यतेच्या फायली हे सगळं मी करते आणि ते लागतंच. पण त्या आलेखावरचा प्रत्येक ठिपका कुणाच्या तरी तोंडून आलेला असतो.

म्हणून अलीकडची एक गोष्ट सांगणं भाग आहे. प्रियांकाला तिच्या फोनांमधून सिझेरियन झालेल्या दोन बायकांचे टाके चिघळल्याचं कळलं. केस कापायचं यंत्र बिघडल्यामुळे प्रसूती विभागात पुन्हा वस्तरा आला होता, आणि त्या दिवशी तो वापरणारे हात तिचे स्वतःचे होते. तिने हे लगेच सांगितलं. त्याच दिवशी वस्तरा गेला, दुसरं यंत्र आलं, दोघी बायका उपचारांनी बऱ्या झाल्या. पण नोंद करताना तिने मला विचारलं, “मॅडम, नाव टाकायलाच पाहिजे का? सिस्टरांनी टाकलं होतं, त्यांना काय मिळालं ते आम्ही बघितलंय ना.” मी तिला जबरदस्ती केली नाही. त्या नोंदीवर नाव नाही; इथे लिहिलं आहे ते तिला विचारून, तिच्या होकाराने.

मी हे सिस्टरांना सांगितलं. ठपका रद्द करून घ्यायला हवा, त्यासाठी मी अर्ज लिहून आणला आहे, असंही म्हटलं. साठाव्या वर्षी, पदावरून उतरताना, तो तसाच मागे राहू नये असं मला आणि विभागातल्या सगळ्यांनाच वाटतं. सिस्टरांनी आधी माझ्या अर्जाचा मसुदा वाचला, त्यातला एक शब्द दुरुस्त केला आणि तो मला परत दिला.

“गौरी, माझ्यावरचा ठपका पुसून मला काय मिळणार? मी महिन्याभरात घरी जाणार. उद्या त्या मुलीने खरं सांगितलं तर तिच्यावर तसाच येऊ नये, एवढं करा. मला शाल नको, सन्मानचिन्ह नको. देणार असाल तर हे द्या.”

त्यांचं म्हणणं मला पटलं आहे. ठपका रद्द व्हावा असं मला अजूनही वाटतं, पण तो निर्णय मंडळाचा आहे आणि सिस्टरांनी तो मागितलेला नाही. त्यांनी जे मागितलं आहे, ते मी खाली मांडते.

त्याआधी सर्वांच्या वतीने एक इच्छा. सिस्टर निवृत्तीनंतर हेंद्रेपाड्याच्या विहारात रविवारी नर्सिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना शिकवणार आहेत. त्यांनी ते पुष्कळ वर्षं शिकवावं. त्यांचे गुडघे दुखतात, ते त्यांनी आता तरी दाखवून घ्यावेत. चालती-फिरती, भरल्या श्वासाची, कुठल्याही रुग्णालयात रुग्ण म्हणून जावं न लागणारी अशी दीर्घ वर्षं त्यांना मिळोत.

हा अंक या महिन्याच्या पहिल्या रविवारी सत्कार समारंभात विश्वस्त मंडळाच्या प्रत्येक सदस्याच्या हाती दिला जाणार आहे. त्या सर्वांना, आणि विशेषतः दादांना, माझी विनंती अशी: जाणूनबुजून केलेलं कृत्य सोडून, जो कर्मचारी आपल्या विभागातला संसर्ग किंवा त्याचं कारण स्वतःहून कळवेल, त्याच्यावर ते कळवल्याबद्दल ठपका, बदली किंवा कारवाई होणार नाही, असा ठराव मंडळाने करावा. दोन ओळी पुरेत. सिस्टरांची शेवटची मंगळवारची बैठक सव्वीस तारखेला आहे. त्या बैठकीत, प्रियांका आणि भोईर मावशी समोर असताना, सिस्टरांना मंडळाचं उत्तर वाचून दाखवता यावं, म्हणून ते सोमवार, पंचवीस तारखेपर्यंत गुणवत्ता कक्षात लेखी मिळावं. उत्तर नकाराचं असलं, तरी त्याच दिवसापर्यंत कळवावं.